दाढ नव्हे, सांधा दुखतोय

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. त्यातल्या दोन हाडांमध्ये एक लवचीक चकती असते. ती जागची सरकली की ‘कट्’ असा आवाज येतो. दुखत नसेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत. झोपेत दात खाणे, मनावरचा ताण, सतत काहीतरी चघळणे यांनी चावण्याचे स्नायू आखडतात आणि कानशील ठणकू लागते. अशा वेळी दुखणे दाढेचे समजून चांगली दाढ काढली जाते, याचे फार वाईट वाटते.

बहुतेकांना साधे उपाय पुरतात: काही आठवडे दुधात कुस्करलेली भाकरी, गरम शेक, जबड्याचे व्यायाम, गरजेनुसार रात्री दातांवर बसवायची पट्टी. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

तोंड पुरते उघडत नसेल, तर भोकरच्या वाचकांनी मात्र आधी सुपारीचा विचार करावा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी सुपारी चघळणे थांबलेले नाही. तिने गालाचे आतले अस्तर राठ होते, तोंड उघडेनासे होते. हा आजार सांध्याचा नव्हे, आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नसतील, तिखट झोंबत असेल, तर सुपारी आजच सोडा आणि दंतवैद्याला दाखवा.