मरळ आणि बनावट बेडूक

कॅनडाच्या उत्तर भागांतील निर्जन सरोवरांवर बर्फ वितळून उन्हाळा आला म्हणजे हौशी लोक होडींत बसून पाइक व वॉलाय या शिकारी माशांच्या मागें लागतात. गळाला खरें आमिष नसतें. पिसें व केस दोऱ्यानें गुंडाळून केलेली बनावट माशी लवचिक काठीनें पाण्यावर फेकावयाची, एवढाच डाव. तिला माशी म्हणतात खरी, परंतु पाइकसाठीं ती बहुधा लहान माशासारखी दिसेल अशीच करतात.

नांदेडच्या गोदावरींत पाइक नाहीं. पण पाणवनस्पतींच्या आड दबा धरून बसणारी, त्याच वृत्तीची मरळ आहे. तिचें वैशिष्ट्य असें कीं, तिला केवळ कल्ल्यांवर जगतां येत नाहीं. कल्ल्यांवरच्या पोकळींत हवा भरून घेण्यासाठीं तिला वारंवार वर यावें लागतें. पाण्याखालीं अडकवून ठेवली तर ती बुडून मरते! मासा बुडून मेला असें एखाद्या विद्यार्थ्यानें लिहिलें तर वर्ग हंसेल. येथें मात्र तें अक्षरशः खरें आहे. उलट डबकें आटूं लागलें तर ओल्या चिखलांत रुतून ती दीर्घकाळ तग धरते. ज्या भागांत एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, तेथें हा गुण लहान नव्हे.

हवा घेतांना उठणारा बुडबुडा हीच गळ टाकणाराची खूण. जलपर्णी दाटलेल्या संथ पाण्यांत तो रबराचा पोकळ बेडूक टाकून हळूहळू ओढतो. त्याचे आंकडे पाठीकडे वळलेले असल्यामुळें पाल्यांत अडकत नाहींत. झडप पडतांच हिसका देऊं नये. बेडूक तोंडांत पुरता गेल्यावांचून आंकडा रुतत नाहीं.

पावसाळ्यांत मात्र प्रकरण निराळें होतें. पाइकची मादी उथळ गवतांत अंडीं टाकून निघून जाते. मरळीची जोडी पाणवनस्पती बाजूस सारून जागा मोकळी करते. अंडीं तरंगतात, एक-दोन दिवसांत फुटतात, आणि पिलांचा तांबूस-नारिंगी पुंजका पृष्ठभागावर फिरूं लागतो. त्याच्या खालीं आईबाप पहाऱ्यावर असतात. पुंजक्याजवळ बेडूक पडला कीं झडप जवळजवळ ठरलेली. पण ती भुकेची नव्हे, रक्षणाची. या वेळीं मरळ धरण्यांत कसब तें कसलें? शिवाय पहारा उठला कीं इतर मासे पिलांवर तुटून पडतात, आणि एका माशापायीं सबंध वीण जाते. मोह कळण्यासारखा आहे: मरळीला कांटे थोडे, मांस घट्ट, बाजारांत ती जिवंत विकली जाते आणि भावही चढा. शेजारच्या तेलंगणानें तर २०१६ सालीं तिलाच राज्याचा मासा ठरविलें.

जाणता मनुष्य तांबूस पुंजका दिसतांच दोर गुंडाळून पुढच्या वळणाकडे जातो. पिलांचा रंग पालटून तीं पांगलीं म्हणजे त्याच जागीं पुन्हां गळ टाकण्यास हरकत नसते.