फोन गेला म्हणजे फोटोही गेले? घरात कॉम्प्युटर नसला तरी फोटो असे जपा, टीव्हीवर असे पाहा

फोन विहिरीत पडतो, ट्रॅक्टरच्या चाकाखाली येतो, आठवडी बाजारात खिशातून जातो, नाहीतर रात्री चार्जिंगला लावलेला सकाळी चालूच होत नाही. मग माणूस तालुक्याच्या मोबाईल दुकानात पोहोचतो. तिथं त्याचा पहिला प्रश्न खर्चाचा नसतो. "दादा, आतले फोटो निघतील का?" हाच असतो. फोन हप्त्यावर दुसरा घेता येतो. वारलेल्या वडिलांचा शेवटच्या दिवाळीतला फोटो, नातवाच्या बारशाचा व्हिडिओ, गारपिटीत आडव्या झालेल्या गव्हाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

दुकानदार "डिस्प्ले गेलाय" म्हणाला तर घाबरायचं कारण नाही. काच फुटली, टच चालेना, तरी फोटो आत जसेच्या तसे असतात. डिस्प्ले बदलला की दिसतात. स्क्रीनवर चित्र दिसतंय पण टच चालत नाही, अशा वेळी एक साधी युक्ती आहे. ओटीजी कनेक्टरला कॉम्प्युटरचा माऊस लावला की बहुतेक फोनवर बाण दिसतो. त्या बाणानंच पॅटर्न काढून फोन उघडता येतो आणि फोटो दुसरीकडे पाठवता येतात. पण "काका, बोर्ड गेलाय" असं उत्तर आलं तर काम अवघड. आजकालच्या अँड्रॉइड फोनमध्ये डेटा कुलूप लावल्यासारखा साठवलेला असतो आणि त्या कुलपाची किल्ली त्याच बोर्डावर असते. मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावली तरी काही वाचता येत नाही. बोर्ड दुरुस्त झाला तरच फोटो मिळतात.

आणखी एक प्रकार आहे आणि तो टाळता येण्यासारखा आहे. फोन हँग होतो किंवा लॉक विसरतं, आणि दुकानदार म्हणतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." सॉफ्टवेअर मारणं म्हणा, रिसेट म्हणा, फॉरमॅट म्हणा, बहुतेक वेळा फोन कोरा होऊनच परत येतो. गिऱ्हाईक घाईत हो म्हणतं आणि घरी आल्यावर गॅलरी उघडून बघतं. हो म्हणायच्या आधी डेटा राहणार की जाणार, एवढं स्पष्ट विचारून घ्यावं.

या सगळ्यावर इलाज म्हणजे फोटो फोनशिवाय आणखी एका तरी ठिकाणी असणं. त्यासाठी कॉम्प्युटर लागतो असं पुष्कळांना वाटतं. तो लागत नाही.

पेनड्राइव्ह सरळ फोनला लागतो

बाजारात दोन तोंडांचे पेनड्राइव्ह मिळतात. एका बाजूला टीव्हीला लागणारं मोठं यूएसबी, दुसऱ्या बाजूला फोनच्या चार्जिंगच्या जागी बसणारं टाइप-सी. घरात साधा पेनड्राइव्ह पडून असेल तर फक्त बोटाएवढा ओटीजी कनेक्टर घेतला तरी चालतं. जुन्या फोनची पिन वेगळी असते, म्हणून दुकानात जाताना फोन सोबत न्यावा आणि तिथंच लावून बघावा.

पेनड्राइव्ह लावला की फोनवर वरून सूचना येते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ती येत नाही. तिथं सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर झाला नाही तर ते आपोआप बंद होतं. पेनड्राइव्ह खराब आहे असं समजून परत करायला निघण्याआधी हे सेटिंग बघावं.

पुढचं काम फाइल्स किंवा फाइल मॅनेजर या ॲपमध्ये. त्यात कॅमेरा नावाचं फोल्डर उघडायचं, एका फोटोवर बोट दाबून धरायचं, मग बाकीचे निवडायचे, 'कॉपी' दाबायचं आणि यूएसबी निवडायचं. इथं 'मूव्ह' किंवा 'हलवा' असाही पर्याय असतो, तो घ्यायचा नाही. मूव्ह केलं की फोटो फोनमधून निघून पेनड्राइव्हमध्ये जातो, म्हणजे पुन्हा एकाच ठिकाणी राहतो. मध्येच धक्का लागून पेनड्राइव्ह निघाला तर काम आणखी बिघडू शकतं. कॉपी पूर्ण झाली की पेनड्राइव्हमधले चार-पाच फोटो उघडून बघायचे, 'इजेक्ट' करायचं आणि मगच तो काढायचा. फोनमधले फोटो काढून टाकायचे असतील तर ते त्यानंतर.

व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तेही आठवणीनं घ्यायला हवेत. पण आधी त्यातले सुप्रभात, शुभ रात्री आणि सणाच्या शुभेच्छा काढून टाकाव्यात. भरलेल्या फोनमध्ये निम्मी जागा यांनीच खाल्लेली असते म्हटलं तरी चालेल. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजचा भाग आहे, तिथं कोणत्या ग्रुपनं किती जागा अडवली ते दिसतं.

किती मोठा पेनड्राइव्ह घ्यावा? साध्या फोनचा एक फोटो साधारण 3 ते 5 एमबीचा असतो. त्या हिशोबानं 64 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये 14 हजारांच्या आसपास फोटो बसतात. व्हिडिओ जास्त असतील तर तेवढे बसणार नाहीत, पण एका कुटुंबाला बरीच वर्षं पुरतं. यात्रेत किंवा ऑनलाइन अगदी स्वस्तात 2 टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर त्याच्या नादी लागू नये. अशा मालात लिहिलेली जागा आत नसते. फोन मात्र दाखवतो की आहे, फोटो जातानाही दिसतात, आणि खरी जागा संपल्यावर गेलेले फोटो उघडतच नाहीत. ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेला छोटा पेनड्राइव्ह त्यापेक्षा बरा.

पेनड्राइव्ह लावल्यावर कधी कधी फोन 'फॉरमॅट करा' असं सुचवतो. नवा कोरा असेल तर करायला हरकत नाही. आत फोटो असतील तर त्याला कधीच हो म्हणू नये, सगळं पुसलं जातं. मेमरी कार्डाचंही असंच. ज्यांच्या फोनला कार्ड लागतं त्यांनी ते टाकताना फोनचीच मेमरी म्हणून वापरायचा पर्याय निवडला असेल, तर ते कार्ड दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही. फोन बिघडला की कार्ड हातात असून उपयोग नाही.

पेनड्राइव्हही कायमचा नव्हे. वर्षानुवर्षं न लावता कपाटात पडला तर आतलं बिघडू शकतं. दिवाळीच्या साफसफाईत एकदा बाहेर काढून लावून बघावा आणि वर्षाचे नवे फोटो त्यात टाकावेत. जमलं तर दोन करावेत, आणि दुसरा त्याच घरात न ठेवता लेकीकडे किंवा भावाकडे द्यावा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडं घरंच्या घरं पाण्याखाली गेली होती. तशा वेळी कपाटातलं एकही सामान हाताशी येत नाही.

घरातल्या टीव्हीवर फोटो

आजी-आजोबांना फोनच्या स्क्रीनवर चेहरा नीट दिसत नाही. फोन या हातातून त्या हातात फिरतो आणि कुणाचं तरी बोट लागून फोटो डिलीट होतो. त्यापेक्षा टीव्ही बरा. त्यासाठी स्मार्ट टीव्हीच हवा असं नाही, नेटही लागत नाही. बहुतेक एलईडी टीव्हीच्या मागं किंवा बाजूला यूएसबीची खाच असते. पेनड्राइव्ह तिथं लावायचा, रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबायचं आणि यूएसबी निवडायचं. स्लाइड शो लावला की फोटो एकामागून एक आपोआप येत राहतात. घरी जुना डबा टीव्ही असेल तर सेट-टॉप बॉक्स बघा. फ्री डिशच्या काही बॉक्सला यूएसबी असतं आणि त्यातल्या काहींवर फोटो दिसतात.

टीव्हीवर फोटो दिसलेच नाहीत तर कारण बहुधा दोनपैकी एक. जुने टीव्ही काही मोठे पेनड्राइव्ह ओळखत नाहीत, तिथं 16 किंवा 32 जीबीचा लावून बघावा. दुसरं, काही नवे फोन जागा वाचवायला फोटो वेगळ्या प्रकारात साठवतात आणि टीव्हीला तो प्रकार कळत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' असा पर्याय चालू असेल तर तो बंद करावा. त्यापुढचे फोटो साध्या जेपीजी प्रकारात निघतात आणि ते जवळपास सगळीकडे दिसतात.

गुगलमध्ये फोटो आहेत, पण पासवर्ड कोणाकडे?

अनेकांचे फोटो त्यांच्या नकळत गुगल फोटोजमध्ये जात असतात. फोन हरवला तरी नव्या फोनमध्ये तेच जीमेल खातं टाकलं की फोटो परत दिसतात. अडचण इथंच येते. फोन घेतला तेव्हा खातं दुकानातल्या पोरानं काढून दिलेलं असतं. जीमेल कोणतं, पासवर्ड काय, हे मालकाला ठाऊक नसतं. फोटो सुखरूप असतात आणि उघडता येत नाहीत. आज फोन हातात असतानाच प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर दाबावं, जीमेल पत्ता तिथं दिसतो. तो घरातल्या वहीत लिहावा, पासवर्ड नवा करून घ्यावा आणि खात्याला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे का ते बघावं. घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर जोडला तर आणखी चांगलं, कारण फोन चोरीला गेला की सिमही त्याच्यासोबतच जातं.

गुगल फुकटात 15 जीबी जागा देतं. त्यात ईमेल, ड्राइव्ह, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप, सगळं आलं. पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तेवढे ठेवता यायचे, 1 जून 2021 पासून ते बंद झालं. जागा भरली की नवे फोटो वर जात नाहीत, आणि हे बऱ्याच जणांना फोन हरवल्यावरच कळतं. नेटचाही हिशोब बघावा लागतो. हजार फोटो म्हणजे 4 जीबीच्या आसपास, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ते दोन-तीन दिवसांचं काम.

या ॲपमध्ये सर्वात जास्त नुकसान होतं ते एका गैरसमजानं. फोन भरला म्हणून माणूस गुगल फोटोजमधून फोटो डिलीट करतो आणि समजतो की वर गुगलकडं आहेतच. तसं नाही. तिथून डिलीट केलेला फोटो फोनमधून जातो आणि गुगलकडूनही जातो. बॅकअप झालेला फोटो 60 दिवस कचरापेटीत राहतो, तोवर परत आणता येतो. फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये 'फ्री अप स्पेस' नावाचा वेगळा पर्याय आहे, तो वापरावा.

ज्या घरातलं माणूस गेलंय त्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. त्याचा फोन आठवण म्हणून कपाटात ठेवला जातो. रिचार्ज नसल्यानं काही महिन्यांत सिम बंद होतं, पुढं तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो, म्हणजे ओटीपीचा रस्ता बंद. खातं 2 वर्षं कुणी वापरलं नाही तर गुगल ते खातं आतल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं. बॅटरी फुगून फोन चालू होईनासा होतो तो वेगळाच. कार्य उरकलं, पाहुणे पांगले, की त्या फोनमधले फोटो पहिल्या महिन्यातच पेनड्राइव्हमध्ये उतरवून घ्यावेत.

नुकसानीचे फोटो व्हॉट्सॲपवर ठेवू नका

शेतातल्या नुकसानीचा फोटो काढला की तो लगेच ग्रुपवर टाकायची सवय असते. व्हॉट्सॲपनं साधा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्याच्या आत दडलेली तारीख, वेळ, ठिकाण ही माहिती निघून जाते. मूळ फोटोत ती असते, पण ठिकाण येण्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असावं लागतं. म्हणून मूळ फोटो डिलीट करू नये आणि कुणाला द्यायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे तो जसाच्या तसा जातो. फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. नुकसान कुठं आणि किती दिवसांत कळवायचं, हे हंगामागणिक तलाठी किंवा कृषी कार्यालयात विचारूनच घ्यावं. पण पुढं वाद झाला, फेरपाहणी मागायची वेळ आली, तर मूळ फोटो हाताशी असलेला बरा. पेनड्राइव्हमध्ये गट नंबर आणि हंगामाच्या नावानं एक वेगळं फोल्डर केलं की शोधाशोध होत नाही.

लग्नाच्या जुन्या सीडी-डीव्हीडी बहुतेक घरांत अजून आहेत, त्या लावायला प्लेअर मात्र राहिला नाही. ज्या फोटो स्टुडिओकडं अजून डीव्हीडी वाचणारं मशीन आहे, तिथून त्या पेनड्राइव्हमध्ये उतरवून घ्याव्यात. ओरखडे किंवा बुरशी वाढली की तेही होत नाही.

आणि मोजके दहा-वीस फोटो कागदावर काढून घ्यायला विसरू नये. ते बघायला ना लाइट लागते ना पासवर्ड. स्टुडिओला फोटो देतानाही डॉक्युमेंट म्हणून पाठवावा किंवा पेनड्राइव्हच न्यावा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मोठा करून फ्रेममध्ये लावला की चेहरा फाटल्यासारखा दिसतो, आणि तोवर मूळ फोटो फोनमधून गेलेला असतो.