भाकरतुकड्याच्या पलीकडे

मुलं आठ-दहा वर्षांची झाली की आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत एक विषय निघतो. वर्गातल्या सगळ्यांकडे कुत्रा आहे, आपल्याकडेच का नाही? सुरुवातीला आपण गोल्डफिशवर भागवतो. मग हॅमस्टर येतो. तो बिचारा दोन-एक वर्षांत आटोपतो आणि विषय पुन्हा कुत्र्यावर येतो. "आम्हीच त्याचं सगळं करू" असं लेखी हमीपत्र फ्रिजवर चिकटतं. शेवटी एका शनिवारी आठ आठवड्यांचं, दोन हातांत मावेल एवढं पिल्लू घरी येतं आणि आई-बाबा एकमेकांकडे बघत राहतात. आता पुढे काय?

हा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्यापैकी अनेकांना कुत्रा माहीत आहे तो अंगणातला. मोती, खंड्या किंवा वाघ्या नावाचा, उरलेला भाकरतुकडा खाऊन रात्रभर राखण करणारा. शहरात वाढलेल्यांना कुत्रा म्हटलं की पोटातली चौदा इंजेक्शनं आठवतात. (त्या जुन्या लशीचं उत्पादन भारतात २००४च्या अखेरीस थांबलं. आता लस दंडात देतात आणि डोसही थोडे असतात, पण धास्ती अजून गेलेली नाही.) कार्पेटवर लोळणारा, घरातलाच एक मेंबर असलेला कुत्रा आपल्याला तसा नवाच.

त्यात आपलं प्रेम व्यक्त होतं ते खाऊ घालण्यातून. "खा रे बाळा, थोडंसं घे" म्हणत आपण ज्या वस्तू पुढे करतो, त्यातल्या काही या प्राण्याला चक्क विष आहेत. म्हणून आधी खाण्याचं बोलू, शिकवणीचं नंतर.

आमटी, शिरा आणि पिल्लू

पहिला नंबर कांदा-लसणाचा. कच्चा, शिजवलेला, तळलेला किंवा पावडर, कोणत्याही रूपात तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. गंमत म्हणजे (गंमत कसली, धोकाच) परिणाम लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर त्याने काय खाल्लं होतं हे कुणाला आठवतही नसतं. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसलेले पदार्थ मोजायला एका हाताची बोटं पुरतील, तेव्हा "नुसता रस्साच तर दिला" हे म्हणणं चालत नाही.

दुसरा नंबर द्राक्षं आणि बेदाण्यांचा. यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. किती खाल्ल्यावर, हे सांगता येत नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, तर दुसऱ्याला थोडेसेही महागात पडतात. असं का, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं. द्राक्षाची जात आणि पिकलेपणा यांनुसार त्याचं प्रमाण बदलतं, म्हणून परिणामही बदलतो. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी काही केसेस प्रसिद्ध केल्या, आणि त्या आपण खास लक्ष देऊन वाचायला हव्यात. तसाच मूत्रपिंडाचा आजार चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही आढळला होता. चिंचेत टार्टारिक ॲसिड भरपूर असतं. म्हणजे आपली चिंच-गुळाची आमटी, भेळेची चटणी आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे, तिन्ही एकाच यादीत!

आमच्या ओळखीच्या एका घरी पूजेच्या दिवशी प्रसादाचा द्रोण लहान मुलाच्या हातून खाली पडला आणि तीन महिन्यांच्या पिल्लाने तो क्षणात साफ केला. "प्रसादच आहे, काही होत नाही," असं दोघा-तिघांनी सांगितलं. यजमानीणबाईंनी ते मनावर घेतलं नाही. पाहुण्यांना जेवायला बसवून त्या थेट इमर्जन्सी व्हेटकडे गेल्या. तिथे पिल्लाला उलटी करवली, दोन दिवस सलाइनवर ठेवलं, रक्त दोनदा तपासलं. पिल्लू वाचलं. बिल ऐकून यजमानांना मात्र घाम फुटला, ते वेगळं.

यादीत आणखी चार गोष्टी आहेत. चॉकलेट, त्यातही गडद चॉकलेट आणि कोको पावडर. मॅकाडेमिया नट. शिजवलेली हाडं, कारण त्यांचे टोकदार तुकडे आतडं फाडू शकतात. आणि झायलिटॉल ही शुगर-फ्री च्युइंगगममधली साखर. काही पीनट बटरमध्येही ती असते. तिने तासाभरात कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक खाली येते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. घरात कुणाला डायबेटिस असेल तर पर्समधली गमची पाकिटं उंचावर ठेवा. एएसपीसीएच्या केंद्राचा फोन चोवीस तास चालू असतो: ८८८-४२६-४४३५. सल्ल्याची फी लागते, पण हा नंबर फ्रिजवर मुलांच्या हमीपत्राशेजारी हवाच.

मग द्यायचं काय?

"आमच्या गावचा मोत्या जन्मभर भाकरीवर जगला," हे आजोबांचं वाक्य खोटं नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जीन्सची तुलना केली. माणसाच्या संगतीत कुत्र्याची पिष्ट पदार्थ पचवण्याची क्षमता लांडग्यापेक्षा बरीच वाढल्याचं त्यांना दिसलं. तेव्हा भाकरी त्याला पचते. पण जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. पिल्लाची हाडं काही महिन्यांत तयार होतात आणि त्यासाठी लागणारी प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस योग्य प्रमाणात दूध-पोळीतून किंवा वरण-भातातून मिळत नाहीत. शिवाय वयाबरोबर दुधातली साखर पचेनाशी होते आणि पोट बिघडतं.

सोपा मार्ग म्हणजे पिल्लांसाठीचं तयार खाणं. पिशवीवरच्या चित्रांकडे बघू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. तिथे एएएफसीओ या संस्थेच्या निकषांनुसार हे खाणं 'ग्रोथ'साठी, म्हणजे वाढीच्या वयासाठी, संपूर्ण आणि संतुलित आहे असं लिहिलेलं हवं. कुत्रा मोठा झाल्यावर सत्तर पौंडांच्या वर जाणार असेल (लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड वगैरे), तर मोठ्या जातींचा स्पष्ट उल्लेख हवा. या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम सांध्यांना बाधतं. त्यामुळे वरून कॅल्शियमची पावडर घालण्याचा मोह टाळावा.

शाकाहारी घरांचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही. नीट तयार केलेल्या शाकाहारी खाण्यावर तो राहू शकतो, पण त्यावरही वाढीच्या वयाचा तोच शेरा हवा. घरी शिजवून घालायचं तर पाककृती पशुआहारतज्ज्ञाकडून लिहून घ्यावी. ही जागा अंदाजपंचे करण्याची नाही.

किती घालायचं याचं गणित इंजिनिअर मंडळींना आवडेल. वजन किलोमध्ये घ्या, त्याचा ०.७५ घात काढा, ७० ने गुणा. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. चार महिन्यांपर्यंत तिच्या साधारण तिप्पट, पुढे दुप्पट. चार किलोच्या पिल्लाला हे रोजचे सुमारे ६०० कॅलरी होतात. पिशवीवर एका कपात किती कॅलरी ते दिलेलं असतं. ४०० असतील तर दिवसाचा दीड कप. चार महिन्यांपर्यंत तो तीन-चार वेळांत विभागून, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. बक्षिसाचा खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत. हा सगळा अंदाज आहे. अंतिम मोजमाप हाताने करायचं: बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या हाताला लागाव्यात. वाटी पंधरा-वीस मिनिटांनी उचलायची. दिवसभर भरलेली वाटी ठेवली की पुढची गोष्ट बिघडते, आणि ती म्हणजे शू-शी.

कार्पेटचं रक्षण

पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला की साधारण तितके तास ते दिवसा धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर फार तर तीन तास. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर, रोज त्याच दाराने, त्याच जागी. काम झालं की तिथल्या तिथे खाऊ आणि कौतुक. रात्री सुरुवातीला एक-दोनदा उठावं लागतं. मिशिगन-मिनेसोटाच्या जानेवारीत हे काय असतं ते ज्याचं त्याला कळतं, म्हणून पिल्लू शक्यतो वसंतात आणावं.

घरात झालंच तर नाक घासू नका, ओरडू नका. त्यातून ते फक्त आपल्यासमोर शू न करता सोफ्यामागे जाऊन करायला शिकतं. एन्झाइमचा क्लीनर वापरा. अमोनिया असलेला नको, कारण त्याचा वास लघवीशी जुळतो.

क्रेटचा विषय निघाला की आईंचा जीव कळवळतो. "पिंजऱ्यात कोंडता होय रे त्याला?" पण नीट सवय लावली तर ती त्याची खोली होते. उठून उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं एवढी जागा. आत खाऊ आणि जुना टॉवेल, दार सुरुवातीला उघडं. शिक्षा म्हणून मात्र कधीही आत टाकायचं नाही.

बस, बस!

आता शिकवणी. मूळ सूत्र एकच: हवं ते केलं की ताबडतोब बक्षीस. फीडबॅकला उशीर झाला की सिस्टिम भरकटते, हे कंट्रोल थिअरीत शिकलो ते इथे अक्षरशः लागू आहे. दोन-चार सेकंद उशिरा दिलेला खाऊ हा बसल्याचा नसतो, उठून उडी मारल्याचा असतो. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा पुरे.

आणि भाषा? खुशाल मराठी वापरा. २०२२ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी अठरा कुत्र्यांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्कॅन चालू असताना त्यांना स्पॅनिश आणि हंगेरियन भाषेतला मजकूर ऐकवला होता. घरची भाषा आणि परकी भाषा यांना मेंदूने वेगवेगळा प्रतिसाद दिला. या कामातल्या लॉरा कुआया स्वतः आपल्या कुत्र्यासह मेक्सिकोहून हंगेरीत आलेल्या. परदेशी आल्यावर कुत्र्यालाही भाषेचा फरक कळतो का, हा प्रश्न त्यांना पडला यात नवल नाही. आपल्यालाही तो पडायला हरकत नव्हती!

फक्त घरातल्या सर्वांनी शब्द एकच वापरायचा. बाबांचं "बस", आजीचं "बैस रे बाबा" आणि मुलांचं "सिट" हे पिल्लाला तीन वेगळे हुकूम आहेत. बस, ये, थांब, सोड, एवढे चार पुरतात. 'बस'मध्ये एक अडचण आहे. पंगतीत आग्रह सुरू झाला की पाहुणे "बस, बस!" म्हणतात आणि कुत्रा टेबलाशेजारी दहादा बसून खाऊची वाट बघतो. एक फायदा मात्र मी दोन-तीन घरांत पाहिला आहे. आपल्याशी इंग्रजीत बोलणारी मुलं कुत्र्याशी मराठीत बोलतात, आणि कुत्रा उच्चार सुधारत नसल्याने न लाजता बोलतात.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लू जग ओळखून घेतं. या काळात जे गोडीने भेटलं त्याची पुढे भीती वाटत नाही. दाढीवाले काका, साडीतल्या मावशी, काठी टेकत येणारे आजोबा, व्हॅक्यूम क्लीनर, कुकरची शिट्टी, आरतीच्या टाळा, सगळ्यांची लांबून आणि खाऊसह ओळख करून द्या. मात्र याच वयात पार्व्होचा धोका असतो. १९७८ साली प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू रक्ती हगवणीने काही दिवसांत पिल्लाचा जीव घेऊ शकतो आणि जमिनीत कित्येक महिने टिकतो. तो बुटांच्या तळव्यांतूनही घरात येतो, तेव्हा चपला दाराशी काढायची आपली सवय इथे कामी येते. लशीचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस राज्याच्या कायद्यानुसार. पहिल्या डोसनंतर आठवड्याने पिल्लांच्या वर्गात न्यायला हरकत नाही, पण डोस पुरे होईपर्यंत डॉग पार्क नको.

चावण्याचं म्हणाल तर दुधाचे अठ्ठावीस दात पडून सहा-सात महिन्यांत बेचाळीस येतात. तोवर हिरड्या सळसळत असतात. चावायचं खेळणं द्या आणि पार्टीच्या दिवशी दाराशी जमलेले चपलांचे चाळीस जोड कपाटात ठेवा.

शेवटचं गणित

हे सगळं वाचून उत्साह टिकला असेल तर पिल्लू आणण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर मांडा. पहिली, भारतवारी. चार आठवडे आपण पुण्या-मुंबईत असताना कुत्रा कुठे राहणार? केनेलचा खर्च तिकिटांच्या बजेटमध्ये धरा, किंवा मंडळातल्या दुसऱ्या कुत्रेवाल्या घराशी आलटून-पालटून सांभाळण्याचा करार करा. येताना तिथलंच गोंडस पिल्लू घेऊन येऊ, असा विचार असेल तर तो सोडा. ऑगस्ट २०२४पासून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू अमेरिकेत आणता येत नाही, मायक्रोचिप सक्तीची आहे, आणि भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशांत मोडत असल्याने कागदपत्रं आणखी वाढतात.

दुसरी गोष्ट वजाबाकीची. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो. हट्ट धरणारी मुलगी आज दहा वर्षांची असेल तर ती अठराव्या वर्षी कॉलेजला जाईल. उरलेली दोन ते पाच वर्षं कुत्रा आणि आपण. त्याचे गुडघे दुखणार, आपलेही. सकाळी सहाला बर्फात त्याला बाहेर नेणारा हात आपलाच असणार. हे चालणार असेल तर जरूर आणा. नसेल चालणार, तर गोल्डफिश अजून मिळतात.