पत्ता म्हणजे घर नव्हे: सीचं स्ट्रक्चर रस्टमध्ये नेताना

आज बोलूया सी मधलं स्ट्रक्चर रस्टमध्ये कसं न्यायचं यावर. फील्ड साधी असतील तर काम सोपं. इंटच्या जागी आय-३२ लिहिलं की झालं. डोकं लागतं ते पॉइंटर आला की.

उदाहरण घेऊ. स्ट्रक्चरचं नाव स्टुडंट. त्यात रोल नंबर, नेम हा कॅरेक्टर पॉइंटर, मार्क्स हा इंट पॉइंटर, मार्क्स किती ते सांगणारा काउंट, आणि टीचर हा दुसऱ्या स्ट्रक्चरचा पॉइंटर.

नेहमीच्या ६४ बिट मशीनवर हे तिन्ही पॉइंटर आतून सारखेच, ८ बाइटचा एक पत्ता. पण पत्त्यावरून घराचा मालक कोण, आत माणसं किती, की तिथे नुसता मोकळा प्लॉट आहे, काहीच कळत नाही. म्हणून मी प्रत्येक पॉइंटरला तीन प्रश्न विचारतो. हा नल असू शकतो का? पत्त्यावर एक वस्तू आहे की रांग? आणि ही मेमरी फ्री कोण करणार?

उत्तरं स्ट्रक्चरमध्ये लिहिलेली नसतात. मॅलॉक कुठे झालं, फ्री कुठे झालं, हे कोडमध्ये शोधावं लागतं.

समजा, नेमची मेमरी स्टुडंट बनवताना घेतली आणि तो पुसताना सोडली. म्हणजे मालक स्टुडंटच. मग रस्टमध्ये ती स्ट्रिंग. मजकूर यूटीएफ-८ नसेल तर बाइटचा वेक्टर. नल चालत असेल तर त्यावर ऑप्शनचं वेष्टन. मार्क्स ही रांग आहे, म्हणून वेक्टर. वेक्टरला स्वतःची लांबी माहीत असते, त्यामुळे काउंट फील्डची सुट्टी!

टीचरची गोष्ट वेगळी. एकच टीचर चाळीस मुलांचा. इथे बॉक्स लावता येत नाही, कारण बॉक्सचा मालक एकच असतो. मी टीचरची वेगळी यादी करतो आणि स्टुडंटमध्ये फक्त तिचा इंडेक्स ठेवतो. आरसीही चालतं. पण टीचरनेही उलट मुलांचे आरसी धरले, तर दोघं एकमेकांना सोडत नाहीत आणि मेमरी अडकून राहते. तिथे एका बाजूला वीक हवं.

एवढी उठाठेव कशाला? सी मध्ये दोन मुलांनी एकाच टीचरला फ्री केलं, तरी कंपायलर सहसा गप्प बसतो. तुमच्या फोनमधलं क्रोम ज्यावर उभं आहे, त्या क्रोमियमच्या टीमने २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांचे सुमारे ७० टक्के गंभीर सुरक्षा-बग मेमरीच्या अशाच चुकांमधून येतात.

सी-टू-रस्ट नावाचं टूल कोड आपोआप बदलून देतं, हे खरं. पण त्यात पॉइंटर कच्चेच राहतात आणि भोवती अनसेफ येतं. भाषा बदलते, प्रश्न तिथेच राहतात.

तर आज आपलं एखादं जुनं स्ट्रक्चर उघडा आणि प्रत्येक पॉइंटरपुढे ही तीन उत्तरं लिहा. रस्टचा टाइप बहुतेक वेळा त्यातूनच समोर येतो. भेटूया पुढच्या भागात!