पुरात वीज गेली, तर बेसमेंटमधला पंप कशावर चालवायचा?

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. अशा वेळी धोका टाळण्यासाठी वीज बंद करावी लागते आणि पाणी उपसणारा पंप नेमका तेव्हाच थांबतो. मग पर्याय काय?

इन्व्हर्टर : १ एचपीचा पंप साधारण १,००० वॅट वीज ओढतो. सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे पंखे-दिव्यांसाठी घेतलेला इन्व्हर्टर ट्रिप होतो. १५० एएचची एक बॅटरी एवढ्या लोडवर फार तर तासभर टिकते. म्हणजे इन्व्हर्टर छोट्या पंपासाठी आणि थोड्या वेळासाठीच ठीक.

जनरेटर : इंधन असेपर्यंत चालतो. पण धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून तो बेसमेंटमध्ये किंवा बंद जागेत नको. जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच करून घ्या.

काहीही घेतलं तरी बॅटरी, जनरेटर आणि पंपाचा स्विच पुराच्या पातळीच्या वर हवा. त्याच दिवशी डेक्कन परिसरात शॉक लागून तिघांचा जीव गेला. पंप सुरू करण्यासाठी पाण्यात उतरावं लागत असेल, तर तो बंदच राहू द्या.