आटत्या शेततळ्यातील मासळी दुसऱ्या पाण्यात हलविताना

शहापूर व मुरबाड या तालुक्यांत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही चैत्र-वैशाखात तेथील पाडे पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात. मुंबईस पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, हे लक्षात घेता ही गोष्ट चमत्कारिक वाटते. तथापि खाली काळा कातळ व वर मुरमाड जमिनीचा पातळ थर असल्यामुळे डोंगरउतारावरील पाणी मुरण्यापेक्षा वाहूनच अधिक जाते. या कारणास्तव अनेक शेतकऱ्यांनी शेततळी खोदली असून, २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर या कामास अधिक वेग आला. काही शेतकरी या तळ्यांत रोहू, कटला व मृगळ हे मासेही सोडतात.

अडचण उन्हाळ्यात उद्भवते. त्याच तळ्यावर भेंडी व काकडी उभी असते. भेंडीचा तोडा ऐन भरात असताना तिला पाणी तोडता येत नाही आणि पाणी उपसले तर मासळी उघडी पडते. अशा वेळी मासळी शेजारच्या बारमाही विहिरीत, सिमेंटच्या टाकीत अथवा दुसऱ्या गावातील प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात हलविण्याचा प्रयत्न होतो व पुष्कळदा तो फसतो. मासे वाटेत मरतात. पोहोचले तरी तिसऱ्या दिवशी पोटे वर करून तरंगतात. वर्षभराचे खाद्य व श्रम त्यांबरोबर जातात. यात दैवाचा भाग थोडा असून घाईचा भाग मोठा आहे.

प्रथम एक हिशेब करावा. पाऊण किलोवरील मासा हलविण्यापेक्षा बाजारात विकलेला बरा. त्यास पाणी अधिक लागते, तो जाळ्यात धडपडून जखमी होतो व वाहतुकीचा खर्च त्याच्या वाढीतून निघत नाही. हलवावयाची ती लहान, वाढीस लागलेली मासळी.

वेळ कोणती, हा दुसरा प्रश्न. तळ्यात फुटांच्या खुणा केलेली एक काठी रोवून ठेवावी. होळीनंतर दर आठ दिवसांनी पातळी पाहावी व पाच फूट पाणी शिल्लक असतानाच स्थलांतराचे काम काढावे. दोन फुटांवर पाणी आले म्हणजे ते दुपारी तापते, तळाचा गाळ ढवळला जातो व मासे आधीच अर्धमेले झालेले असतात. अशा माशांना जाळ्यात धरणे म्हणजे आजाऱ्यास बैलगाडीतून डोंगर चढविण्यासारखे होय.

जाळे सूर्योदयानंतर लवकर टाकावे व नऊच्या आत काम आटोपावे. अगदी पहाटे जाळे टाकू नये. रात्रभर पाण्यातील वनस्पती व शेवाळ प्राणवायू निर्माण न करता तो वापरीत असतात. त्यामुळे पहाटेच्या सुमारास पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडीत असतील, तर त्या दिवशी मुळीच जाळे टाकू नये.

आदल्या दिवसापासून खाद्य बंद ठेवावे. भरल्या पोटी हलविलेला मासा वाटेत विष्ठा टाकतो. ती कुजून पाणी नासते आणि त्यात अमोनिया वाढतो. जाळे मऊ व शक्य तर गाठी नसलेले असावे. मासा उघड्या हाताने धरू नये. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे कवच आहे. तो निघाला की पुढे त्या जागी बुरशी धरते. पकडलेली मासळी दाट जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे हाप्यात, स्वच्छ पाण्यात काही वेळ स्थिर होऊ द्यावी. कटला इतरांहून नाजूक असल्यामुळे त्यास प्रथम उचलून प्रथम रवाना करावे.

वाहतुकीचे पाणी

वाहतुकीसाठी लागणारे पाणी जाळे टाकण्यापूर्वीच, गाळ ढवळला नसताना, त्याच तळ्याच्या वरच्या थरातून फडक्याने गाळून भरून घ्यावे. कूपनलिकेचे ताजे पाणी वापरू नये. भांडे कीटकनाशकाचे वा डिझेलचे कधीही नसावे. दहा वेळा धुतले तरी त्याचा अंश राहतो व सर्व मासळी एका तासात संपते. ही चूक आजही होते, कारण रिकामे पिंप घरात असते व नवीन टाकी विकत आणावी लागते.

एका टाकीत किती मासळी भरावी, हे अंदाजाने ठरविण्याची गरज नाही. तीस अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. वीस अंशांस तो नऊ मिलिग्रॅमपर्यंत असतो. म्हणजे एक हजार लिटरच्या टाकीत उन्हाळ्यात सुमारे साडेसात ग्रॅम प्राणवायू असतो. शांत मासा किलोमागे ताशी सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू घेतो, घाबरलेला मासा त्याहून अधिक. पन्नास किलो मासळी ताशी १० ते १५ ग्रॅम प्राणवायू खाणार. आणि लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली पाणी उतरताच ती धापा टाकू लागणार. तेव्हा हवा न सोडल्यास वीस-पंचवीस मिनिटांतच संकट ओढवते. किन्हवलीहून सरळगावमार्गे मुरबाडच्या बाजूस जावयाचे झाल्यास एवढ्या अवधीत निम्मी वाटही होत नाही. सबब बॅटरीवर चालणारा हवेचा पंप बरोबर असल्याशिवाय निघू नये व पंप असला तरी एक हजार लिटर पाण्यात चाळीस ते पन्नास किलोपेक्षा अधिक मासळी भरू नये.

या पाण्यात लिटरमागे तीन ग्रॅम, म्हणजे हजार लिटरला तीन किलो खडे मीठ विरघळवून घालावे; त्याने माशावरील ताण कमी होतो. पाणी फार तापलेले असल्यास बर्फ घट्ट बांधलेल्या पिशवीतून टाकीत सोडावा, मात्र तापमान दोन-तीन अंशांहून अधिक उतरवू नये. टाकी काठोकाठ भरावी व वरून जाळी बांधावी. अर्धी टाकी हिंदकळते व मासे भिंतींवर आदळतात. भरलेल्या हजार लिटरच्या टाकीचे वजन एक टनाहून अधिक होते, हे छोट्या टेंपोवर ती चढविण्यापूर्वी लक्षात घ्यावे. वळणाच्या रस्त्यावर पाचशे लिटरच्या दोन टाक्या अधिक सुरक्षित असतात.

मासे पाण्यातून दूरवर नेण्याचा हा खटाटोप नवा नाही. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओरिसात पोषग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यापूर्वी या जातींचे बीज प्रामुख्याने नद्यांतून गोळा करावे लागे व ते बंगालमधून आगगाडीने मातीच्या हंड्यांतून दूरच्या प्रांतांत जात असे. वाटेत माणसे हाताने पाणी हलवीत व त्यात तांबडी माती मिसळीत. पाण्यातील घाण त्या मातीस चिकटून तळाशी बसे. आज बोटुकली प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून येते. एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू, हे तिचे प्रमाण.

नवीन पाणी

वाटेत वाचलेली मासळी नवीन पाण्यात मरते, याचे कारण बहुधा ते पाणी आधी तपासलेले नसते. नव्या सिमेंटच्या टाकीतून चुना झिरपतो व पाणी तीव्र अल्कधर्मी होते. अशी टाकी दोन-तीन आठवडे पुन:पुन्हा भरून रिकामी करावी. कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू कमी व कर्बवायू अधिक असतो. ते दगडांवरून उंचावरून पाडून दोन-तीन दिवस मुरू द्यावे. प्लॅस्टिक कागदाच्या नव्या तळ्यात पाणी नितळ असते, पण त्यात माशाचे नैसर्गिक खाद्य नसते. चार गुंठ्यांच्या तळ्यात दहा-पंधरा दिवस आधी ऐंशी ते शंभर किलो शेण कालवून सोडल्यास पाण्यास हिरवट रंग येतो. सर्वांत सोपी परीक्षा अशी की, आदल्या दिवशी दहा मासे हाप्यात घालून त्या पाण्यात चोवीस तास ठेवावेत. ते तरले तर बाकीचे न्यावेत.

टाकी पोहोचल्यावर तळ्याचे पाणी तीत थोडेथोडे, अर्ध्या तासात चार वेळा घालावे व मग मासे हातजाळ्याने उचलून तळ्यात सोडावेत. टाकीतील घाण पाणी तळ्यात ओतू नये. बोटुकलीची पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. उघडल्यावर मात्र रेंगाळू नये. बंद पिशवीत साठलेला कर्बवायू पाणी आम्लधर्मी ठेवतो व अमोनियाचा जहालपणा दबून राहतो. पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो आणि तोच अमोनिया कित्येक पट विषारी होतो. दहा मिनिटे तळ्याचे पाणी मिसळून मासे सोडून द्यावेत.

पहिले दोन दिवस खाद्य देऊ नये. पुढे आठवडाभर निम्मे द्यावे. पाण्यातील अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतू नव्या जागी वाढण्यास काही आठवडे लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील गप्पी माशांच्या हौदास, किंवा शाळेत वा घरात ठेवलेल्या मोठ्या काचपेटीसही हाच नियम लागू पडतो. काचपेटी पाण्यासह कधी उचलू नये. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीत अडीचशे लिटर, म्हणजे अडीचशे किलो पाणी मावते व त्या भाराने सांधे उकलतात. मासे व जुने पाणी बादल्यांत काढावे, गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता त्याच पाण्यात ओला ठेवावा व पेटी सपाट, उन्हाबाहेरील जागी बसवून जुन्या पाण्यासह पुन्हा भरावी.

मासळी हलविण्यास जागा न मिळाल्यास ती काळू वा भातसा नदीत किंवा धरणात सोडून देण्याची सूचना कोणी करील. ती मानू नये. विशेषत: आफ्रिकन मागूर हा मासा स्थानिक मासळी फस्त करतो व केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनास बंदी घातलेली आहे. तो आढळल्यास मत्स्यव्यवसाय विभागास कळवावे.

तळे रिकामे झाल्यावर उरलेले पाणी भेंडीस द्यावे. मातीचे तळे असल्यास तळास भेगा पडेपर्यंत ते वाळू द्यावे. मृगाच्या सरी येण्याआधी वरचा वीतभर गाळ काढून वावरात पसरावा. प्लॅस्टिकच्या तळ्यात मात्र फावडे चालवू नये. गाळ लाकडी फळीने ओढून काढावा आणि कागदास भोक पडले असल्यास ते याच वेळी सांधून घ्यावे.