फौजेतला माणूस घरी आल्यावर

आपल्या गारगोटी भागात फौजेत माणूस असलेली घरं बरीच आहेत. शिपाई, नाईक, हवालदार पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर येतात. मग घरात विषय निघतो, "वॉचमनची नोकरी कुठे मिळेल?" आम्ही म्हणतो, आधी विचारा, "तुम्हाला काय काय येतं?"

आपल्या जिल्ह्यातल्या वडगावचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात बघा. १९४५ साली ते ब्रह्मदेशात कांगॉला लढले. १९५३ साली कोरियातलं युद्ध थांबलं, तेव्हा मायदेशी जायला तयार नसलेले बावीस हजारांवर युद्धकैदी भारतीय फौजेच्या ताब्यात आले. त्या फौजेचे प्रमुख थोरात होते. वर पाच देशांचा आयोग होता. म्हणजे लढणाऱ्या माणसाला तिथे परदेशी लोकांशी बोलणी आणि समजूत सांभाळावी लागली. पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना चीन कसा चढून येईल, हे त्यांनी १९६० साली सरावात मांडून दाखवलं. वरच्यांनी मनावर घेतलं नाही. १९६२ साली बरंचसं तसंच घडलं. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. काम बदलत गेलं, शिस्त आणि पारख तीच राहिली.

ते मोठे अधिकारी, हे खरं. पण आपल्या घरातला हवालदारही स्टोअरचा हिशेब ठेवतो, गाडी दुरुस्त करतो, माल वेळेवर पोचवतो. परदेशी माल पाठवायला हेच लागतं. शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला आणि कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. निर्यातीसाठी आयईसी क्रमांक काढावा लागतो, खाण्याच्या मालाला अन्न परवानाही लागतो. बचत गटाचा माल आणि फौजीचा हिशेबीपणा एकत्र आले, तर सुरुवात होऊ शकते. पण आधी गिऱ्हाईक पक्कं करा, मग माल भरा.

निवृत्तीला मोठी रक्कम एकदम हातात येते. ती कुठे जाणार, हे ठरवताना घरातल्या बाईनेही बसायला हवं. बायको-मुलांची नावं पेन्शनच्या कागदांत बरोबर आहेत का, तेही तपासा. अडलं तर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरच्या फौजीला येणारी पाच कामं लिहून आणा.